नागिणीचा पट्टा आणि निद्रिस्त विषाणू : पार्श्वभूमी

नागीण या फोडांच्या रोगात पट्ट्याचे तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळले की माणूस दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात आजही ऐकू येते. समजूत खोटी आहे, पण तिच्यामागचे निरीक्षण खरे आहे. नागिणीचे फोड सहसा अंगाच्या एकाच बाजूला उठतात आणि मध्यरेषेपाशी थांबतात. विषाणू दडतो कुठे, याचा पहिला माग या आकारानेच दिला.

१८६० च्या दशकात बर्लिनचे फॉन बेरेन्श्प्रुंग यांनी शवविच्छेदनातून या रोगाचा संबंध मज्जारज्जूलगतच्या चेतागुच्छिकेशी, म्हणजे संवेदना वाहणाऱ्या पेशींच्या गाठीशी जोडला. पुढे १९०० मध्ये हेन्री हेड आणि कॅम्पबेल यांनी कोणत्या गुच्छिकेचे क्षेत्र त्वचेवर कुठवर पोचते, याचा नकाशाच मांडला. दरम्यान बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांना घरात एखाद्याला नागीण झाल्यावर मुलांना कांजिण्या येताना दिसल्या होत्या. दोन्ही रोगांचा विषाणू एकच असल्याचे थॉमस वेलर यांनी १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत दाखवले.

या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाचे वाटते ते इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांचे. स्वतःच्या दवाखान्यातील १६ वर्षांच्या, १९२ रुग्णांच्या नोंदींवरून त्यांनी १९६५ मध्ये असे प्रतिपादन केले की, लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू चेतातंतूंवाटे गुच्छिकेत जाऊन निद्रिस्त राहतो आणि प्रतिकारशक्ती ओसरली की त्याच वाटेने त्वचेवर परततो. ज्या विषाणूला झोपेत कोणीही पाहिले नव्हते, त्याची ही जीवनकथा केवळ रुग्णांच्या वहीतून उलगडली होती. मृत व्यक्तींच्या गुच्छिकांमध्ये विषाणूचा डीएनए सापडला तो १९८३ मध्ये; पुढच्याच वर्षी एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतील आणि नंतरच्या नागिणीतील विषाणूंचा डीएनए जुळला.

ही झोप टिकते कशी, याचे उत्तर आधी याच कुळातील हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूत मिळाले. चेतापेशीच्या केंद्रकात त्याचा डीएनए आपल्या गुणसूत्रांत न मिसळता वेगळा राहतो. हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळला गेल्याने त्याची बहुतेक जनुके मुकी होतात. १९८७ मध्ये जॅक स्टीव्हन्स यांच्या गटाला तेथे मुबलक आढळणारा एक आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली प्रत, सापडला. विषाणूला जागे करण्यात मोलाचा वाटा असलेले आयसीपी-० हे जनुक डीएनएच्या दोन धाग्यांपैकी ज्यावर आहे, त्याच्या नेमक्या विरुद्ध धाग्यावरून तो लिहिला जातो. नागिणीच्या विषाणूतील तसाच आरएनए उजेडात यायला २०१८ उजाडले. तो ओआरएफ-६१ या जनुकाच्या विरुद्ध धाग्यावर आहे, आणि हे जनुक आयसीपी-० चेच भावंड आहे. पेशीवर ताण आला की जेएनके हा संदेशमार्ग चेततो आणि हर्पिस सिम्प्लेक्सची मुकी जनुके पुन्हा बोलू लागतात, असे उंदरांच्या चेतापेशींत २०१५ मध्ये दिसले.

ॲसायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्या डीएनएची नक्कल रोखते. निद्रिस्त विषाणूत नक्कलच होत नसल्याने त्याला या औषधाची झळ लागत नाही. नागिणीची लसही विषाणूला हुसकावत नाही, तर त्याच्यावर पहारा देणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना बळ देते.