साखळीतला अव्वल आणि चषकाचा मानकरी: एनएचएलच्या एका हंगामाचे दोन विजेते

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग. तिचा २०१८-१९चा हंगाम कोणी जिंकला, असं विचारलं तर दोन नावं समोर येतात. एक टॅम्पा बे लाइटनिंग, दुसरं सेंट लुईस ब्लूज. टॅम्पाने ८२ साखळी सामन्यांपैकी ६२ जिंकले, १२८ गुण मिळवले आणि साखळीत अव्वल येणाऱ्या संघाची प्रेसिडेंट्स ट्रॉफी पटकावली. सेंट लुईसने जूनमध्ये बाद फेरीच्या विजेत्याचा स्टॅनले कप उंचावला. आइस हॉकी नव्याने बघायला लागलेला माणूस इथेच अडखळतो. गुणतालिकेत टॅम्पा सर्वांत वर आणि मिरवणूक सेंट लुईसमध्ये, हे कसं?

आयपीएलचं गणित डोक्यात असलं की हा गोंधळ वाढतो. आयपीएलमध्ये गुणतालिकेतल्या पहिल्या दोन संघांना अंतिम फेरी गाठायच्या दोन संधी मिळतात, म्हणजे साखळीतल्या कमाईतलं थोडंफार पुढे सोबत येतं. एनएचएलमध्ये जवळजवळ काहीच येत नाही. साखळी संपली की सोळा संघ पुढे जातात आणि सगळ्यांची पाटी कोरी होते. पहिल्या आलेल्या संघाला तुलनेने कमी गुणांचा प्रतिस्पर्धी आणि घरच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) एक जादा सामना, एवढंच पदरात पडतं. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सात सामन्यांची मालिका, जो आधी चार जिंकेल तो पुढे. कपसाठी एकूण सोळा विजय लागतात. ही साखळीची पुढची पायरी नाही. संघ तेच असले तरी ही वेगळी स्पर्धा आहे, आणि तिचे नियमही काही ठिकाणी वेगळे आहेत.

त्यामागे इतिहास आहे. स्टॅनले कप लीगपेक्षा जुना. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी १८९२ मध्ये तो देऊ केला, १८९३ मध्ये माँट्रियलच्या संघाला पहिल्यांदा मिळाला. एनएचएल जन्माला आली ती १९१७ मध्ये. सुरुवातीची अनेक वर्षं हा कप आव्हान देऊन जिंकायचा होता, नंतर वेगवेगळ्या लीगचे विजेते त्यासाठी भिडायचे, आणि १९२६-२७ पासून तो फक्त एनएचएलच्या संघांकडे राहिला. प्रेसिडेंट्स ट्रॉफी त्यामानाने कालची. १९८५-८६ मध्ये सुरू झाली, पहिली एडमंटन ऑयलर्सने घेतली, आणि त्याच वर्षी ऑयलर्स बाद फेरीत शेजारच्या कॅल्गरीकडून हरले.

नियमातला फरक सर्वांत ठळक दिसतो तो सामना बरोबरीत असताना. साखळीत साठ मिनिटांनंतर बरोबरी असेल तर दोन्ही संघांना एकेक गुण मिळून जातो. मग पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन खेळतात, गोल झाला नाही तर शूटआऊट (एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर गोलचा प्रयत्न करायचा), आणि जिंकणाऱ्याला आणखी एक गुण. म्हणजे सरळ निकाल लागलेल्या सामन्यातून दोन गुण वाटले जातात आणि बरोबरीतल्या सामन्यातून तीन. साहजिकच, शेवटची काही मिनिटं उरली असताना बरोबरी असेल तर दोन्ही संघ हात राखून खेळतात. हरलो तरी एक गुण खिशात, मग धोका कशाला पत्करा? मार्चमध्ये, तालिकेत पाच-सहा संघ दाटीवाटीने उभे असताना, हा एकेक गुण फार मोलाचा ठरतो. मला ही पद्धत पटत नाही. दोन गुणांचा सामना अचानक तीन गुणांचा व्हावा यात न्याय नाही.

बाद फेरीत यातलं काही नाही. शूटआऊट नाही, तीन विरुद्ध तीन नाही, हरणाऱ्याला गुण नाही. पूर्ण पाच विरुद्ध पाच, वीस-वीस मिनिटांची जादा सत्रं, गोल होईपर्यंत. १९३६ मध्ये माँट्रियलला डेट्रॉइट रेड विंग्ज आणि माँट्रियल मरून्स यांचा सामना २४ मार्चच्या रात्री सुरू झाला आणि २५ तारखेच्या पहाटे, सहाव्या जादा सत्रात, मड ब्रुनेटोच्या एकमेव गोलने संपला. जादा वेळ ११६ मिनिटं ३० सेकंद. तो विक्रम अजून कायम आहे.

दुसरा फरक कागदावर दिसत नाही, बर्फावर दिसतो. साखळीत आज एका शहरात, उद्या दुसऱ्या शहरात, दर वेळी समोर नवा संघ. प्रतिस्पर्ध्याचा बारकाईने अभ्यास करायला वेळच नसतो. जो संघ आपला खेळ सातत्याने खेळतो तो जिंकत राहतो, आणि टॅम्पा त्यात बेजोड होती. बाद फेरीत मात्र दोन आठवडे तोच शत्रू. खेळ थांबला की पाहुण्या संघाने आपले खेळाडू आधी उतरवायचे आणि यजमानांनी ते बघून आपले, असा नियम आहे. साखळीतही तो असतोच, पण सात सामन्यांच्या मालिकेत त्याला धार येते. यजमान प्रशिक्षक समोरच्या सर्वोत्तम आक्रमकासमोर प्रत्येक वेळी आपली सर्वांत चिवट बचाव जोडी उभी करू शकतो. एखादा खेळाडू डावीकडून वळला की पक (खेळायची रबरी चकती) कुठे सोडतो, हे तिसऱ्या सामन्यापर्यंत समोरच्याला पाठ झालेलं असतं.

गोलरक्षकाचंही तसंच. साखळीत लागोपाठच्या रात्री सामने येतात, म्हणून दोन गोलरक्षक काम वाटून घेतात. टॅम्पाचा आंद्रेई वासिलेव्हस्की त्या वर्षी साखळीत ५३ सामने खेळला. बाद फेरीत एकच माणूस जाळ्यासमोर उभा राहतो. हॉकीत गोल मोजके होतात, त्यामुळे त्या एका माणसाला दोन महिने सूर सापडला तर बाकीच्या संघाची उणीव बरीच झाकली जाते.

आता टॅम्पाचं काय झालं ते बघू. पहिल्या फेरीत समोर कोलंबस ब्लू जॅकेट्स, ९८ गुणांवर कसाबसा आत आलेला आणि तोवर एकही मालिका न जिंकलेला संघ. त्यांचे प्रशिक्षक जॉन टॉर्टोरेला, ज्यांनी २००४ मध्ये टॅम्पालाच कप जिंकून दिला होता. पहिल्या सामन्यात पहिलं सत्र संपलं तेव्हा टॅम्पा ३-० ने पुढे होती. साखळी आठवून सगळ्यांनी तो सामना तिथेच टॅम्पाच्या खात्यात टाकला. कोलंबसने तो ४-३ ने फिरवला. मग ५-१, ३-१, ७-३. चार सामन्यांत टॅम्पाने गाशा गुंडाळला. प्रेसिडेंट्स ट्रॉफी जिंकलेला संघ पहिल्याच फेरीत एकही सामना न जिंकता बाहेर पडला, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. त्याच फेरीत वॉशिंग्टन, नॅशव्हिल आणि कॅल्गरी हेही हरले, म्हणजे चारही विभागांचे विजेते घरी बसले.

सेंट लुईसची वाट याच्या अगदी उलट. नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक बदलावा लागला, माइक यो गेले आणि क्रेग बेरुबे आले. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी हा संघ ३१ संघांच्या लीगमध्ये गुणांत तळाला होता. चार दिवसांनी जॉर्डन बिनिंग्टन नावाच्या नवख्या गोलरक्षकाने पहिल्यांदा सुरुवातीपासून गोल सांभाळला आणि फिलाडेल्फियाला गोल करू दिला नाही. पुढे संघाने लागोपाठ अकरा सामने जिंकले आणि ९९ गुणांवर साखळी संपवली. बाद फेरीत विनिपेग, डॅलस, सॅन होजे आणि शेवटी बॉस्टन. बिनिंग्टन सगळेच्या सगळे २६ सामने खेळला.

१२ जूनचा सातवा सामना बॉस्टनला होता. पहिल्या सत्रात बॉस्टनने गोलवर बारा फटके मारले, सेंट लुईसने फक्त चार. बिनिंग्टनने बारा अडवले. चारांतले दोन गोल झाले, एक रायन ओ'रायलीचा आणि दुसरा कर्णधार अ‍ॅलेक्स पिएट्रांजेलोचा, सत्राचे आठ सेकंद उरले असताना. सामना ४-१ सुटला. साखळीच्या ८२ सामन्यांत असं एखादं सत्र हिशोबात विरून जातं, इथे ते अख्खा हंगाम ठरवून गेलं.

म्हणून मग साखळी म्हणजे नुसती गर्दी आणि कप तेवढा खरा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही. कोणता संघ सर्वांत चांगला, याचं जास्त भरवशाचं उत्तर सहा महिन्यांत पसरलेले ८२ सामनेच देतात. टॅम्पाच्या ६२ विजयांनी डेट्रॉइटच्या १९९५-९६च्या विक्रमाशी बरोबरी केली. डेट्रॉइटनेही त्या वर्षी कप जिंकला नव्हता. २०२२-२३ मध्ये बॉस्टनने ६५ विजय आणि १३५ गुणांसह हे सगळे आकडे मागे टाकले आणि पहिल्याच फेरीत ३-१ अशी आघाडी घेऊन फ्लोरिडाकडून मालिका गमावली. १९८६ ते २०२५ या काळात दोन्ही मान एकाच संघाला एकाच वर्षी मिळाले ते अवघे आठ वेळा, शेवटचे २०१३ मध्ये शिकागोला. टॅम्पा, डेट्रॉइट, बॉस्टन यांच्यासारख्या संघांची थोरवी कपाच्या फुटपट्टीने मोजली, तर या खेळातलं फार मोठं काम नजरेआड होतं.

लीग स्वतःही दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवते. खेळाडूंचा पगार साखळीच्या काळात वाटला जातो, बाद फेरीसाठी बोनसचा निराळा निधी असतो. आकड्यांचंही तसंच आहे. वेन ग्रेट्झ्कीचे ८९४ गोल म्हणतात ते फक्त साखळीतले, बाद फेरीतले १२२ त्यात धरलेले नाहीत. अलेक्झांडर ओव्हेच्किनने ६ एप्रिल २०२५ ला ८९५वा गोल करून मोडला तो साखळीचा विक्रम. बक्षिसंही विभागलेली आहेत. सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस आणि सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी साखळीतल्या कामगिरीवर ठरतात, बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूला कॉन स्माइथ मिळते. २०१९ मध्ये ती ओ'रायलीला मिळाली. आर्ट रॉस आणि हार्ट या दोन्ही टॅम्पाच्या निकिता कुचेरोव्हकडे गेल्या. त्याचेही गुण १२८ होते, ४१ गोल आणि ८७ असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) मिळून. संघाच्या १२८ गुणांशी त्यांचा काही संबंध नाही, पण त्या वर्षीच्या बातम्या वाचताना दोन्ही आकड्यांची गल्लत हमखास होते. हार्ट ट्रॉफी त्याच्या हाती पडली ती जूनमध्ये लास व्हेगासच्या समारंभात, सेंट लुईसने कप उचलल्यावर आठवड्याने. त्याच्या संघाचा हंगाम एप्रिलमध्येच संपला होता.

टॅम्पाने त्यानंतर संघ मोडला नाही. प्रशिक्षक जॉन कूपर राहिले, मुख्य खेळाडू राहिले, आणि सेंट लुईसच्या विजयी संघातला पॅट मरून त्यांनी आणला. ऑगस्ट २०२० मध्ये, महासाथीमुळे रिकाम्या ठेवलेल्या टोरोंटोच्या रिंकमध्ये, पहिल्या फेरीत समोर पुन्हा कोलंबस. पहिलाच सामना पाच जादा सत्रं चालला. कोलंबसच्या योनास कोर्पिसालोने ८५ फटके अडवले आणि तरी ब्रेडन पॉइंटच्या गोलने टॅम्पा ३-२ जिंकली. ती मालिका त्यांनी ४-१ घेतली, पुढे कपही घेतला, आणि २०२१ मध्ये पुन्हा घेतला. मरूनचे लागोपाठ तीन कप झाले. त्या दोन वर्षांत साखळीत पहिले आले होते बॉस्टन आणि कोलोरॅडो.