ह्यूगो पुरस्कार: नामांकन, मतदान आणि पात्रता

आपल्याकडे साहित्य पुरस्कार म्हटला की पुस्तकाच्या चार प्रती, लेखकाचा अल्पपरिचय आणि असल्यास प्रवेशशुल्क पाठवण्याची सवय असते. विज्ञानकथेसाठीच्या ह्यूगो पुरस्काराला असा अर्ज नसतो. लेखकाने वा प्रकाशकाने काहीही पाठवायचे नसते आणि परीक्षक मंडळही नसते. येथे अर्ज करतो तो वाचक, आणि तोही सदस्यत्वासाठी.

याचे कारण पुरस्काराच्या जन्मात आहे. १९३९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क येथे जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुमारे दोनशे विज्ञानकथाप्रेमी एकत्र जमले आणि ‘वर्ल्डकॉन’ या वार्षिक अधिवेशनाची सुरुवात झाली. युद्धामुळे १९४२ ते १९४५ ही चार वर्षे ते भरले नाही. १९५३ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात प्रथमच पुरस्कार दिले गेले. १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू करणारे ह्यूगो गर्न्सबॅक यांचे नाव त्यांना मिळाले. पुढच्या वर्षी पुरस्कार दिले गेले नाहीत, मात्र १९५५ पासून ते दरवर्षी दिले जातात. अधिवेशन दरवर्षी वेगळ्या शहरात, वेगळ्या स्वयंसेवक समितीकडे असते. नियम मात्र ‘वर्ल्ड सायन्स फिक्शन सोसायटी’च्या घटनेतून येतात.

या सोसायटीचे सदस्यत्व हीच मतदाराची पात्रता होय. राष्ट्रीयत्वाची अट नाही, त्यामुळे पुण्यात वा पणजीत बसून ते ऑनलाइन घेता येते. सिएटलच्या २०२५ च्या अधिवेशनासाठी त्याचे शुल्क सुमारे ५० डॉलर होते. प्रत्यक्ष हजर राहायचे असल्यास प्रवेशाचे शुल्क वेगळे भरावे लागते आणि व्हिसाही स्वतःच काढावा लागतो. मतदानासाठी सहसा सदस्य क्रमांक आणि चालू ईमेल पुरेसा असतो. सदस्य खरीखुरी व्यक्ती असली पाहिजे, हा नियम मात्र कागदापुरता नाही. २०२४ मध्ये ग्लासगोच्या समितीने बनावट वाटणाऱ्या सदस्यत्वांची ३७७ मते, म्हणजे एकूण मतांच्या सुमारे दहा टक्के, बाद केली. ज्याला ती मते मिळाली होती त्याला मात्र त्यांनी अंतिम यादीतून काढले नाही.

नामांकन आणि मतदान हे दोन स्वतंत्र टप्पे आहेत आणि गोंधळ नेमका येथेच होतो. नामांकनाचा अधिकार चालू आणि आदल्या वर्षीच्या अधिवेशनाच्या सदस्यांना असतो. त्यासाठी अलीकडे ३१ जानेवारीपर्यंत सदस्यत्व घेतलेले असावे लागते. अंतिम मतदान मात्र केवळ चालू वर्षाचे सदस्य करतात. म्हणजे सिएटलचा सदस्य २०२६ साठी नामांकन करू शकतो, पण मत द्यायचे तर त्याला लॉस एंजेलिसजवळच्या अ‍ॅनाहाइम येथील २०२६ च्या अधिवेशनाचे सदस्यत्व घ्यावेच लागते.

प्रत्येक विभागात पाचपर्यंत नावे सुचवता येतात आणि अंतिम यादीत सहा येतात. २०१५ मध्ये एका गटाने ठरवून एकसारखी नावे भरली, तेव्हा मतदारांनी पाच विभागांत ‘पुरस्कार नको’ हाच पर्याय निवडला. त्यानंतर २०१७ पासून मोजणीची नवी पद्धत आली. त्या पद्धतीत प्रत्येक नामांकनपत्रिकेचा एक गुण तिच्यावरील शिल्लक कृतींत समान वाटला जातो. प्रत्येक फेरीत सर्वांत कमी गुणांच्या दोन कृती निवडून त्यांतील कमी पत्रिकांवर आलेली कृती वगळली जाते. अंतिम मतदान पसंतीक्रमाने होते. अंतिम यादीतील बऱ्याच कृती मतदारांना वाचण्यासाठी डिजिटल स्वरूपात मिळतात, आणि माझ्या मते शुल्काची निम्मी वसुली तेथेच होते.

कृती आदल्या वर्षी प्रथम प्रसिद्ध झालेली असावी. नियतकालिकाच्या बाबतीत मुखपृष्ठावरील तारीख ग्राह्य धरली जाते, तर क्रमशः आलेल्या कृतीसाठी शेवटच्या भागाचे वर्ष धरले जाते. शब्दसंख्या ४०,००० वा अधिक असल्यास ती कादंबरी ठरते, आणि ७,५०० पेक्षा कमी असल्यास लघुकथा. मधल्या भागात १७,५०० शब्दांच्या सीमेवर आणखी दोन विभाग पडतात.

मराठी लेखकासाठी सर्वांत मोलाचे कलम भाषेचे आहे. मूळ इंग्रजी नसलेली कृती मूळ प्रकाशनाच्या वर्षी पात्र असतेच, शिवाय तिचा इंग्रजी अनुवाद प्रथम प्रसिद्ध होतो त्या वर्षासाठी ती पुन्हा पात्र ठरते. लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही कादंबरी चिनी भाषेत २००८ मध्ये पुस्तकरूपाने आली, इंग्रजीत २०१४ मध्ये आली आणि २०१५ मध्ये तिला ह्यूगो मिळाला. तेव्हा दिवाळी अंकात दहा वर्षांपूर्वी छापलेली कथा बाद झाली असे समजू नये. अनुवाद प्रथम कधी आणि कोठे प्रसिद्ध झाला, मासिकाचा अंक कोणता आणि शब्द किती, याची नोंद अनुवादकाने जवळ ठेवावी. शंका आल्यास समिती हेच विचारते.

अंतिम यादी जाहीर होण्यापूर्वी समिती लेखकाशी संपर्क साधते आणि नामांकन नाकारण्याची मुभाही देते. सोहळ्याला जाणे शक्य नसल्यास प्रतिनिधी नेमता येतो. लिऊ त्सिशिन यांच्या वतीनेही मंचावर गेले ते त्यांचे अनुवादक केन लिऊ.