मोहिनी आणि तंद्री: संमोहनाच्या इतिहासाची पार्श्वभूमी

संमोहन हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे तो महाभारतामुळे. विराटपर्वात अर्जुन संमोहनास्त्र सोडतो, कौरवांचे महारथी भान हरपून रणांगणावरच पडतात आणि उत्तर रथातून उतरून त्यांची वस्त्रे काढून आणतो. भीष्मांना त्या अस्त्राचा प्रतिकार ठाऊक असल्यामुळे तेवढे एक जागे राहतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 'क्रोधाद्भवति संमोहः' हा चरणही विवेक झाकोळून टाकणाऱ्या भ्रमाविषयीच बोलतो. त्यामुळे युरोपातून 'हिप्नॉटिझम' नावाची विद्या आपल्याकडे आली आणि तिला 'मोहिनी विद्या', 'संमोहन' अशी नावे मिळाली, तेव्हा या शब्दांचा जुना अर्थही त्यांच्याबरोबर आला: कोणीतरी बलवान अस्त्र टाकतो आणि समोरचा दुबळा त्याच्या ताब्यात जातो. मूळ युरोपीय शब्दही फारसा निर्दोष नाही, कारण तो झोपेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घडवलेला आहे आणि संमोहित माणूस झोपलेला नसतो.

या अवस्थेसाठी आपल्या बोलण्यातला खरा नेमका शब्द 'तंद्री' हा आहे. गाणे ऐकताना, रांगोळी काढताना किंवा उन्हाळ्याच्या दुपारी एकटक पाहत बसल्यावर माणसाची तंद्री लागते. व्याकरणाकडे लक्ष दिले तर हे क्रियापद फार बोलके आहे. तंद्री 'लागते', आणि ज्याची लागते तोच या वाक्याचा धनी असतो. संमोहनाच्या अडीचशे वर्षांच्या इतिहासात जे हळूहळू सिद्ध होत गेले ते एवढेच, की ही शक्ती संमोहन करणाऱ्याच्या हातात किंवा डोळ्यांत नसून ज्याला ती अवस्था लाभते त्याच्या मनात असते. नागपुरात गणेशोत्सवाच्या मंडपातले संमोहनाचे प्रयोग पाहून घरी जाणाऱ्याला आजही हे सहजासहजी पटत नाही, म्हणून हा इतिहास थोडा सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

आधुनिक कथा सुरू होते ती फ्रान्झ अँटोन मेस्मर या व्हिएन्नातल्या वैद्यापासून. सर्व सजीवांतून एक अदृश्य प्रवाह वाहतो, त्यात अडथळा आला की आजार होतो आणि योग्य हातवारे करून तो प्रवाह पुन्हा मोकळा करता येतो, अशी त्याची उपपत्ती होती. तिला त्याने प्राणिज चुंबकत्व असे नाव दिले. १७७८ मध्ये तो पॅरिसला आला आणि तेथे त्याच्या उपचारांची लाटच उसळली. पाणी आणि लोखंडाचा कीस भरलेल्या मोठ्या पिंपाभोवती रुग्ण दाटीवाटीने बसत, पिंपातून निघालेल्या लोखंडी कांबी दुखऱ्या अवयवाला लावत, आणि थोड्या वेळाने एकेकाला आचके, रडू, हसू यांचा झटका येई. झटका ओसरला की पुष्कळांना खरोखर बरे वाटे.

१७८४ मध्ये राजा सोळाव्या लुईने याच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते आणि डॉक्टर गिलोटँही होते. फ्रँकलिन यांच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने एका जर्दाळूच्या झाडात 'चुंबकत्व' भरले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. चुंबकत्व भरलेले झाड मात्र तिथून दूर होते. असा प्रवाह अस्तित्वात नाही, जे घडते ते कल्पनाशक्तीमुळे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. निष्कर्ष बरोबरच होता. परंतु केवळ कल्पनाशक्तीने माणूस बेशुद्ध पडू शकतो, तर ती कल्पनाशक्ती काय चीज आहे, हा त्याहून मोठा प्रश्न आयोगाने तिथेच सोडून दिला. त्याच वर्षी मार्क्विस द प्युसेगूर याला व्हिक्तोर नावाच्या शेतकरी तरुणावर उपचार करताना आचक्यांऐवजी एक शांत, झोपेसारखी पण बोलती-चालती अवस्था आढळली, आणि पुढे संमोहनाचे हेच रूप रूढ झाले.

मागे सुटलेल्या त्या प्रश्नाला पहिले ठाम उत्तर दिले ते गोव्याच्या माणसाने. जुझे कुस्तोदियू द फारिया, म्हणजेच आब्बे फारिया, यांचा जन्म १७५६ मध्ये कांदोळी गावी झाला. पंधराव्या वर्षी ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले, रोममध्ये शिकून पाद्री झाले आणि पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाले. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची वाचाच बसली, तेव्हा वडिलांनी मागून हळूच कोंकणीत सांगितले की ही सगळी भाजी आहे, काप रे भाजी. आणि त्यासरशी फारियांची भीती पळाली, अशी आख्यायिका गोव्यात सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, मायबोलीतल्या एका सूचनेने मन पालटते हे तिच्यात नेमके उतरले आहे.

१८१३ पासून फारियांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. पिंप नाही, लोहचुंबक नाही, लांबलचक हातवारेही नाहीत. माणसाला खुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेकडे लक्ष द्यायला सांगायचे आणि मग खणखणीत आवाजात 'झोपा' अशी आज्ञा करायची. काही जण त्या अवस्थेत जात, काही जात नसत. त्यावरून त्यांनी मांडले की प्रवाह वगैरे काही नसून समोरच्या व्यक्तीची घडण, तिची अपेक्षा आणि तिची एकाग्रता हेच या अवस्थेचे कारण आहे. प्रयोग करणारा हा केवळ निमित्त. १८१९ मध्ये या 'सजग निद्रे'वरील त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ते पॅरिसमध्ये वारले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांचे ते शिल्प देखणे आहे यात शंका नाही. मात्र त्यात फारिया हात पसरून वर उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री मागे झुकून पडलेली आहे. अर्थात पुतळा पाहणाऱ्याच्या मनात पुन्हा अर्जुनाचे अस्त्रच उभे राहते, आणि या माणसाने आयुष्यभर नेमके त्याच्या उलट सांगितले होते हे तिथे उमगत नाही.

फारियांचे म्हणणे वैद्यकात रुजवले ते जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यविशारदाने. १८४१ मध्ये मँचेस्टरला मेस्मरपंथीयाचा प्रयोग पाहून तो घरी आला आणि त्याने आपल्या मित्राला एका बाटलीच्या तोंडाकडे एकटक पाहायला लावले. काही मिनिटांत मित्राचे डोळे मिटले. हिप्नॉटिझम हे नाव ब्रेडनेच रूढ केले. एका कल्पनेवर मन खिळणे हेच येथे मुख्य आहे असे पुढे लक्षात आल्यावर त्याला ते नाव बदलायचे होते, पण तोवर ते लोकांच्या तोंडी बसले होते.

याच काळात आपल्या देशात याचा सर्वांत मोठा प्रयोग होत होता. बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या सर्जनने १८४५ च्या एप्रिलमध्ये एका कैद्यावर अंडवृद्धीची शस्त्रक्रिया करताना मेस्मरची पद्धत वापरली. भूल देण्याचे कोणतेही औषध तेव्हा उपलब्ध नव्हते. शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाला दाबून धरून जिवंतपणी चिरणे. एस्डेल आपल्या देशी सहायकांकडून रुग्णावर अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास, कधी अनेक दिवस, हातवारे करवून घेई आणि मग शस्त्र चालवी. पहिल्या आठ महिन्यांत अशा ७३ वेदनारहित शस्त्रक्रिया झाल्याची नोंद त्याने १८४६ मधल्या आपल्या पुस्तकात दिली. सरकारी समितीने पाहणी केली, कलकत्त्यात त्यासाठी स्वतंत्र रुग्णालय निघाले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने एस्डेलला बढती दिली. नागपूरकरांना हा डलहौसी वेगळ्या कारणाने आठवतो: तिसरे रघुजी भोसले वारल्यावर १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा करणारा तो हाच. एस्डेलचे रुग्णालय मात्र फार काळ टिकले नाही. ऑक्टोबर १८४६ मध्ये बॉस्टनमध्ये ईथरचा यशस्वी प्रयोग झाला, पाठोपाठ क्लोरोफॉर्म आले, आणि जे काम काही मिनिटांत जवळपास प्रत्येकावर होते त्यासाठी तासन्‌तास हातवारे करण्याचे कारण उरले नाही. तसे होणे योग्यच होते, कारण संमोहनाने प्रत्येकाची वेदना शमत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दोन पक्ष भांडत राहिले. पॅरिसचे डॉक्टर शार्को संमोहनाला उन्मादाच्या रुग्णांत दिसणारी मज्जाविकृती मानत. नान्सी शहरातले डॉक्टर लिएबो आणि बर्नहाइम म्हणत की ती निरोगी माणसातही सूचनेने घडणारी सामान्य गोष्ट आहे. फ्रॉइड दोन्हीकडे जाऊन आले. नान्सीकरांचे म्हणणे टिकले.

विसाव्या शतकात विषय रंगमंचावरून प्रयोगशाळेत आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांचे संमोहनावरील १९३३ चे पुस्तक, ब्रिटिश वैद्यक संघटनेने १९५५ मध्ये आणि अमेरिकन संघटनेने १९५८ मध्ये दिलेली मान्यता, हे टप्पे महत्त्वाचे आहेतच. पण मला सर्वांत निर्णायक वाटतात त्या १९५९ मध्ये स्टॅनफर्ड येथे वाइत्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी तयार केलेल्या मोजपट्ट्या. त्यांत बारा साध्या सूचना असतात: पसरलेला हात जड होऊन खाली जातो आहे, बोटे एकमेकांत घट्ट अडकली आहेत, खोलीत एक माशी घोंगावते आहे. किती सूचना फळतात ते मोजायचे. दिसले असे की थोडे लोक फार सहज तंद्रीत जातात, थोडे जवळजवळ जातच नाहीत आणि बहुसंख्य मधे असतात. एका व्यक्तीचा हा गुण वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही, आणि संमोहन करणारा बदलला तरी आकडा फार हलत नाही. मंडपातला जादूगार वीस जणांना वर बोलावतो आणि दोन-चार सूचना देऊन पंधरांना खाली पाठवतो, तेव्हा तो नकळत हीच मोजणी करत असतो.

या अवस्थेत मेंदूत काय होते याचेही काही ठोस पुरावे आहेत. मेंदूलहरींच्या आलेखात संमोहित माणूस जागाच दिसतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माँट्रियल येथील एका अभ्यासात लोकांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवले आणि त्या चटक्याचा त्रास कमी किंवा जास्त वाटेल अशा सूचना दिल्या. वेदनेची नोंद घेणारा मेंदूचा भाग तसाच काम करत राहिला. वेदनेच्या दुःखदपणाशी निगडित असलेल्या भागाची क्रिया मात्र सूचनेप्रमाणे बदलली. म्हणजे चटका कळतो, पण तो छळत नाही. ही वेगळीच चित्तावस्था मानावी की अपेक्षा, कल्पना आणि भूमिका यांचा मिलाफ, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. संमोहनात स्मृती उजळते हा समज मात्र निश्चित चुकीचा आहे. आठवणी अधिक सांगितल्या जातात, त्यांत चुकीच्याही मिसळतात, आणि सांगणाऱ्याची खात्री उगाच वाढते. म्हणून साक्षीपुराव्यासाठी हा मार्ग धोक्याचा आहे.

नागपूरच्या परिसरात तंद्रीची जी रूपे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहेत त्यांना कोणी संमोहन म्हणत नाही. डहाका या वाद्याच्या तालावर अंगात येते, नवरात्रात बाया घुमतात, मेळघाटात भुमका, म्हणजे आदिवासींचा पुजारी, देवाशी बोलतो. एकसुरी ताल, गर्दी, उपास, जागरण आणि आता काय घडणार याची सर्वांना असलेली ठाम अपेक्षा, ही सामग्री मेस्मरच्या पिंपाभोवती होती तशीच येथेही आहे. घुमणारी बाई ढोंग करते असे म्हणणे जितके उथळ, तितकेच तिच्या देहात बाहेरून काही शिरले असे म्हणणे निराधार. अशा अवस्थेला भक्ती म्हणावे की व्याधी, हा पेच या शहराने फार जवळून पाहिला आहे. ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये येथील पागलखान्यात ठेवण्यात आले. सुमारे सोळा वर्षे ते तेथे होते आणि त्यांच्या दर्शनाला लोक तेथेच रांगा लावत, अखेर १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले त्यांना सन्मानाने बाहेर घेऊन आले. सरकारी नोंदीला रुग्ण दिसत होता आणि भक्तांना ईश्वरात हरवलेला फकीर.

१९८२ मध्ये नागपुरातच श्याम मानव यांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली, आणि अंगात येण्याचे मानसशास्त्र लोकांना समजावून सांगणे हा त्या चळवळीचा मोठा भाग राहिला. पुढे जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीतले एक कलम या संपूर्ण इतिहासाच्या दृष्टीने फार विचारपूर्वक लिहिलेले आहे असे मला वाटते. अंगात येणे हा त्यात गुन्हा नाही. अतींद्रिय शक्ती अंगात संचारल्याचे भासवून इतरांच्या मनात भीती निर्माण करणे, किंवा आपले न ऐकल्यास वाईट परिणाम होतील अशी धमकी देणे, हा गुन्हा आहे. ज्याची तंद्री लागते त्याला कायदा हात लावत नाही. त्या तंद्रीच्या नावाने जो दुसऱ्यावर सत्ता गाजवू पाहतो, त्यालाच तो जाब विचारतो.