शिशाच्या भावावर चाललेली घरं

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावात पाळी संपता संपता जमिनीखाली सुरुंग उडवतात. वर स्वयंपाकघरात मांडणीवरचे कप किणकिणतात, खिडकीचं तावदान थरथरतं. नवखा पाहुणा दचकतो. घरातली माणसं मात्र घास थांबवत नाहीत. पिढ्यान् पिढ्या या आवाजावर वाढलेल्या कुटुंबांच्या आठवणी समजून घ्यायच्या, तर ते गाव कसं उभं राहिलं आणि कुठल्या नियमांवर चाललं हे आधी माहीत हवं. नाहीतर "आजी लग्नाआधी दुकानात कामाला होती, मग घरी बसली" हे वाक्य आपण साधं समजून पुढे जातो. या गावात ते साधं वाक्य नाही.

गाव न्यू साउथ वेल्सच्या पार पश्चिम टोकाला, लाल मातीच्या कोरड्या मुलखात आहे. राज्याची राजधानी सिडनी 1,100 किलोमीटरहून लांब. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यातलं अॅडलेड त्याच्या निम्म्याहूनही जवळ, सुमारे 500 किलोमीटरवर. त्यामुळे गावचं घड्याळ आजही सिडनीच्या नव्हे, अॅडलेडच्या वेळेवर चालतं. सिडनीहून थेट रेल्वे यायला 1927 उजाडलं. तोवर माल, माणसं, वर्तमानपत्रं, नवरीचे कपडे, सगळं दक्षिण ऑस्ट्रेलियातून यायचं. नाताळच्या सुट्टीत खाणकामगारांची कुटुंबं अॅडलेडच्या समुद्रकिनाऱ्यांवर जायची. आपण न्यू साउथ वेल्सचे आहोत हे त्यांना बहुधा कर भरताना आणि मत देतानाच आठवत असावं.

सुरुवात 1883 ची. माउंट गिप्स नावाच्या मेंढ्यांच्या कुरणावर चार्ल्स रॅस्प हा जर्मन माणूस सीमेवर फिरून कुंपणं आणि मेंढ्या सांभाळायचं काम करायचा. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याने एका मोडक्या पाठीसारख्या दिसणाऱ्या टेकडीवर खुंट्या ठोकून हक्क सांगितला. त्याला वाटलं, हे कथील आहे. निघालं शिसं आणि चांदी. कुरणाचा व्यवस्थापक जॉर्ज मॅकलॉक धरून सात जणांनी प्रत्येकी 70 पौंड घालून मंडळ उभं केलं. पुढे यातल्या चौदाव्या हिश्श्याची किंमत शंभर पौंड की एकशेवीस, हे ठरवायला चक्क यूकर या पत्त्यांच्या खेळाचा डाव मांडला गेला. 1885 मध्ये ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी निघाली. जगातली अवाढव्य खाणकंपनी म्हणून आज आपण जिला बीएचपी म्हणतो, ती हीच. 1939 मध्ये ती गावातून निघून गेली, नाव तेवढं घेऊन. गावातल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात हा सल अजून ऐकू येतो.

मालक सात होते, पण गाव वसवलं ते दुसऱ्यांनीच. बरीच कुटुंबं आली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मुंटा आणि बरा या तांब्याच्या खाणगावांतून. ती मूळची इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाची, कॉर्नवॉलची. खाणकाम त्यांच्या घराण्यातच होतं. बापाने मुलाला पहार धरायला शिकवायची, आईने मांस-बटाट्याची पेस्टी करून डब्यात द्यायची. खाणीत नेतात त्या जेवणाला तिथे 'क्रिब' म्हणतात. बोगद्यात बसून जेवायच्या खोलीलाही क्रिब रूमच.

शेजारच्या सिल्व्हरटनमध्ये आधी चांदीची धांदल उडाली होती. ती ओसरली तशी तिथल्या लोकांनी आपली लाकडी सांगाड्याची, पत्र्याची घरं सोडवून गाड्यांवर घातली आणि ब्रोकन हिलला आणून पुन्हा उभी केली. "आमचं घर या गावाहून जुनं आहे" असं एखाद्या घरात कुणी म्हणालं, तर ती बढाई नसते. पन्हाळी पत्रा हाच इथला दगड, हीच इथली वीट. उन्हाळ्यात पत्रा तापतो, रात्री तडतडत निवतो. आणि त्या घराचा पत्ता? आर्जेंट, सल्फाइड, क्लोराइड, ऑक्साइड, ब्रोमाइड, आयोडाइड. गल्ल्यांची नावं वाचताना रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका हातात आल्यासारखं वाटतं.

पाणी नव्हतं. 1888 मध्ये विषमज्वराची भयंकर साथ आली. पुढे स्टीफन्स क्रीक आणि अंबरंबर्का इथे धरणं झाली, तरी दुष्काळात आगगाडीने पाणी आणावं लागे. डार्लिंग नदीवरून मेनिंडीची नळवाहिनी आली 1950 च्या दशकात. त्यामुळे आजीच्या काळात अंघोळीचं पाणी एकामागून एक सगळ्या भावंडांना पुरायचं आणि शेवटी झाडाला जायचं, ही गोष्ट कुठल्या एका घराची म्हणून सांगता येत नाही.

पाणी नाही तिथे बैल टिकत नाहीत, म्हणून माल उंटांवरून जायचा. उंटांबरोबर माणसं आली. त्या सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांत पंजाबी, बलुची, सिंधी, पश्तून सगळेच होते. ऑस्ट्रेलियात मोठ्या संख्येने उंट पहिल्यांदा आले 1860 मध्ये, कराचीहून जहाजात भरून. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे कागदोपत्री ते मुंबई सरकारच्या बंदरातूनच निघाले होते. ब्रोकन हिलच्या उत्तरेला या उंटवाल्यांच्या तळावर एक छोटी पत्र्याची मशीद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उभी आहे.

याच वस्तीशी गावातल्या प्रत्येक जुन्या कुटुंबाला माहीत असलेला दिवस जोडलेला आहे. 1 जानेवारी 1915. सहलीला निघालेली आगगाडी, खनिजाच्या उघड्या डब्यांत बाकं टाकून बसलेली बाराशेच्या आसपास माणसं, पोरंबाळं, टोपल्या. वाटेत आइस्क्रीमची हातगाडी आणि तिच्यावर तुर्की झेंडा. गूल महंमद आणि मुल्ला अब्दुल्ला या दोघांनी गाडीवर गोळ्या झाडल्या. चार नागरिक मेले, मागून हे दोघेही. त्या रात्री जमावाने गावातला जर्मन क्लब जाळला. हल्लेखोर जर्मन नव्हते, पण महायुद्ध चालू होतं, तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने होता, आणि जमावाला तेवढं पुरलं. या घटनेवर नंतर खूप लिहिलं गेलं. घरोघरी मात्र उरला तो एक बारीक तपशील: त्या गाडीत आपलं कोण होतं, आणि कोण ऐन वेळी घरी राहिलं.

आता मूळ मुद्दा. या गावातल्या घराचं अर्थकारण, आणि घरातल्या बाईचं स्थानही, संपांनी घडवलं. 1892 चा संप मोडला, पुढारी तुरुंगात गेले. 1909 मध्ये कंपनीने टाळेबंदी केली. मग 1919 च्या मेपासून 1920 च्या नोव्हेंबरपर्यंत 18 महिने खाणी बंद. 18 महिने म्हणजे त्या काळात जन्मलेलं मूल चालायला लागेपर्यंत घरात पगार नाही. युनियनच्या कुपनांवर घरं चालली. कुपनावर काय मिळतं, किती मिळतं, त्यात चार पोरांना कसं पुरवायचं, हा हिशेब बायकांनी केला. संपाच्या छापील इतिहासांत पुढाऱ्यांची भाषणं सापडतात, हा हिशेब क्वचितच.

पण या संपाने जे मिळवलं ते असाधारण होतं. न्यायमूर्ती एडमंड्स यांच्या निवाड्याने जमिनीखालच्या कामगाराला आठवड्याला 35 तास ठरले. शिवाय 1920 चा ब्रोकन हिलपुरता खास नुकसानभरपाई कायदा आला. ज्याच्या फुफ्फुसात धूळ साठली किंवा ज्याला शिशाची बाधा झाली, त्याला तपासून खाणीतून काढायचं आणि पैसे द्यायचे. यासाठी हजारो कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली. आज पणजोबांचा माग काढणाऱ्यांना हेच कागद सोन्याचे वाटतात: उंची, वजन, किती वर्षं खाणीत, छाती कशी वाजते.

मागोमाग 1920 च्या दशकात सगळ्या युनियनांची मिळून बॅरियर इंडस्ट्रियल कौन्सिल झाली. तिचे पहिले अध्यक्ष पॅडी ओ'नील खाणकामगार नव्हते, नगरपालिकेत मैला वाहून नेणाऱ्या गाडीवर काम करायचे. कौन्सिलने पुढची पन्नास वर्षं हे गाव जवळजवळ चालवलंच. ठरल्या दिवशी प्रत्येकाने छातीवर युनियनचा बिल्ला दाखवायचा. बिल्ला नाही तर काम नाही, मग तुम्ही खाणीत असा की न्हाव्याच्या दुकानात. 'बॅरियर डेली ट्रुथ' हे दैनिकही कामगारांच्याच मालकीचं, आणि त्याची वर्गणी युनियनच्या सभासदत्वाबरोबर आलीच. खाणीतली नोकरी गावच्या पोराला आधी. बाहेरून आलेल्याला 'फ्रॉम अवे' म्हणत. तो वीस वर्षं राहिला तरी 'फ्रॉम अवे'च.

आणि नियम होता लग्न झालेल्या बाईने नोकरी सोडायची. शिक्षिका, परिचारिका असे काही अपवाद सोडले तर दुकानं, कचेऱ्या, हॉटेलं सगळीकडे. यामागचं तर्कशास्त्र सरळ होतं: खाणीत मुलींना काम नाही, मग गावातल्या मोजक्या नोकऱ्या अविवाहित मुलींना मिळू देत, नाहीतर त्या गाव सोडून जातील. एका घरात दोन पगार आणि दुसऱ्यात एकही नाही, असं नको. कामगारांची एकजूट म्हणून ज्याचा अभिमान बाळगायचा, त्याच एकजुटीने बायकोला घरी बसवलं. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि मला वाटतं, या गावाच्या आठवणी वाचताना यातलं एक गाळून दुसरंच सांगणं बेइमानी आहे. 1981 मध्ये दंतवैद्याकडे काम करणाऱ्या एका तरुणीने लग्नानंतर राजीनामा द्यायला नकार दिला आणि भेदभावविरोधी कायद्याखाली दाद मागितली, तेव्हा हा नियम मोडला. म्हणजे आजच्या साठीतल्या बाईच्या स्वतःच्या आठवणीतली गोष्ट.

घरी बसलेल्या त्या बाईच्या हाती पगार यायचा तो मात्र लंडनवर अवलंबून होता. 1925 च्या करारापासून 'लेड बोनस' सुरू झाला: शिशाचा बाजारभाव ठरावीक पातळीच्या वर गेला की पगारात भर. कोरियन युद्धाच्या सुमारास, 1951 च्या आसपास, भाव असा चढला की बोनस मूळ पगाराच्या वर गेला. गाड्या आल्या, फ्रिज आले, घराला नवा पत्रा चढला. भाव पडला की तीच बाई पुन्हा जुन्या चादरींचे उशांचे अभ्रे शिवायला बसायची. हजारो मैलांवरच्या धातूबाजाराची बातमी शिवणयंत्रावर बसून कळावी, अशी घरं जगात फार नसतील.

ज्या शिशावर घर चालायचं तेच शिसं घरात धुळीच्या रूपाने यायचंही. पूर्वी खाणीलगतच भट्ट्या होत्या. त्यांच्या सरपणासाठी भोवतालची झाडं तुटली आणि गाव वाळूच्या वादळांत सापडलं. लाल धूळ दाराच्या फटीतून शिरायची, चादरींवर बसायची, लोण्यातही असायची. शिशाच्या विषबाधेची सरकारी चौकशी 1890 च्या दशकातच झाली होती. बायकांचं उत्तर एकच, ओलं फडकं. कोरडा झाडू मारला की धूळ उडते, म्हणून आधी ओलं पुसायचं, मग फडकं बाहेर धुवायचं, मग हात. सकाळी एकदा, वारा सुटला तर पुन्हा. 1991 पासून गावातल्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं नेमाने तपासतात, आणि आरोग्य कर्मचारी आईबापांना देतात तो सल्ला बराचसा आजीचाच: ओल्या फडक्याने पुसा, जेवण्याआधी हात धुवा, अंगणातली माती तोंडात जाऊ देऊ नका.

धुळीवर दुसरा उपाय अल्बर्ट मॉरिस यांनी काढला. सेंट्रल खाणीत धातू तपासणीचं काम करणारा हा माणूस वनस्पतींचा वेडा. त्यांचं म्हणणं, जमिनीला कुंपण घाला, ससे आणि बकऱ्या बाहेर ठेवा, इथलीच झुडपं आपसूक परत येतील. 1936 पासून गावाच्या कडेने अशी राखीव रानं झाली. मॉरिस 1939 मध्ये गेले, त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी काम पुढे नेलं. जुन्या फोटोत घराच्या कुंपणावर चढलेली वाळू आणि नंतरच्या फोटोत तिथेच करडीहिरवी झुडपं दिसतात. कुटुंबाच्या अल्बमवर तारखा घातलेल्या नसतील, तर ही झुडपं पाहून फोटो कुठल्या दशकाचा ते ओळखता येतं.

गावाच्या मधोमध मात्र खाणीतून निघालेल्या दगडमातीचा काळा डोंगर कायम आहे. त्याच्या माथ्यावर 2001 मध्ये खाणकामगारांचं स्मारक झालं. आठशेहून जास्त नावं, प्रत्येकाचं वय, मृत्यूचं कारण: दरड कोसळून, खाणीत माणसं वर-खाली नेणाऱ्या पाळण्यातून पडून, स्फोटात. घरी परतून पुढे वर्षानुवर्षं खोकत गेलेले, आणि त्यांची शुश्रूषा करता करता थकलेल्या बायका, या भिंतीवर कशा येणार? त्यांच्यासाठी ते तपासणीचे कागद, चर्चच्या नोंदवह्या आणि नातवंडांची तोंडं.

एकेकाळी तीस हजारांवर असलेलं गाव आता साडेसतरा हजारांच्या घरात आहे. बरीच कुटुंबं अॅडलेडला जाऊन स्थिरावली. त्यांच्या घरी सणासुदीला टेबलावर 'चीज स्लॉ' असतं: गाजर किसायचं, तितकंच चीज किसायचं, मेयॉनेजमध्ये कालवायचं. ब्रोकन हिलबाहेर हे फारसं कुणाला माहीत नाही. पावात घालूनही खातात. शेजारच्यांनी नाक मुरडलं तरी वाडगा रिकामा होतो.