पहिला बर्फ पडताना

पुण्याहून हिमाचलला जाणारे बहुतेक जण बर्फ पाहतात तो पडून गेलेला. रस्त्याकडेला साचलेला, गाड्यांच्या धुराने मळलेला. त्यात खेळून, फोटो काढून मंडळी परततात. मला मनापासून वाटतं, की एकदा तरी मोसमातला पहिला बर्फ पडताना पाहावा. तोही एखाद्या डोंगरातल्या गावात राहून, घाई न करता.

किन्नौरमधलं कल्पा घ्या. जवळजवळ तीन हजार मीटर उंचीवरचं, सफरचंदाच्या बागांमधलं गाव. बर्फ येणार असतो त्या संध्याकाळी ढग खाली उतरतात, समोरचा किन्नर कैलास दिसेनासा होतो आणि थंडी चक्क थोडी कमी होते. नवख्या माणसाला वाटतं, ऊब आली, म्हणजे बर्फ हुकला. गावातले लोक मात्र त्याच वेळी जळणाची लाकडं आत घेतात आणि तंदूर पेटवतात. तिकडे तंदूर म्हणजे खोली उबदार ठेवणारी लोखंडी शेगडी.

ही ऊब कुठून येते? एरवी जमिनीची उष्णता रात्री थेट आकाशात निघून जाते. ढग ती अडवतात आणि बरीचशी खाली परत पाठवतात. शिवाय ढगात वाफेचे हिमकण होताना दर ग्रॅममागे सुमारे ६८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. आणि जमिनीलगतचं तापमान शून्याच्या एक-दोन अंश वर असतानाही बर्फ पडू शकतो. पडणाऱ्या हिमकणांचा थोडा भाग वितळतो, थोडा हवेत विरतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. बर्फ असा स्वतःची वाट गार करत खाली येतो. खरा कडाका पडतो दुसऱ्या रात्री, आभाळ निवळल्यावर.

बर्फ भुरभुरू लागला की सगळ्यात आधी बदलतात ते आवाज. कुत्र्याचं भुंकणं, खालच्या वळणावरची जीप, सगळं लांब गेल्यासारखं होतं. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांहून अधिक जागा हवेची असते. ध्वनिलहरी त्या बारीक पोकळ्यांत शिरतात आणि तिथेच विरतात. एक-दोन दिवसांत वरचा थर गोठून कडक झाला की हा गुण जातो, म्हणून ही शांतता अनुभवायची तर पहिल्याच रात्री. त्या रात्री अंधारही पुरता होत नाही. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ऐंशी ते नव्वद टक्के परतवतो, त्यामुळे गावातले मोजके दिवेसुद्धा ढगांपर्यंत पोचतात आणि ढगांकडून परत येतात.

बाहेर जाताना गडद रंगाचा स्वेटर घाला आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. बाहीवर पडलेल्या कणाकडे श्वास रोखून पाहा. सहा हात असलेली चांदणी दिसली, तर ती ढगाच्या जिथे उणे पंधरा अंशांच्या आसपास तापमान आहे अशा थरात वाढली आहे. सुया दिसल्या तर उणे पाच. हा संबंध उकिचिरो नाकाया या जपानी शास्त्रज्ञाने शोधला. होक्काइडो विद्यापीठाच्या शीतगृहात, सशाच्या केसाच्या टोकावर, त्याने १९३६ साली जगातला पहिला कृत्रिम हिमकण वाढवला. आणि हात सहाच का? हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये विचारला होता. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, हे उत्तर मिळायला क्ष-किरणांनी स्फटिक तपासण्याचं तंत्र यावं लागलं, म्हणजे तीन शतकं गेली.

हा बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघतात आणि वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. ते पुढे सरकले की मागून उत्तरेचे कोरडे गार वारे महाराष्ट्रापर्यंत पोचतात आणि पुण्यात सकाळी पाषाण, शिवाजीनगरचा पारा दहाच्या खाली जातो. तिकडचा बर्फ आणि इकडचं स्वेटर, दोन्ही एकाच झंझावाताचं देणं.

खरं तर बर्फ पुण्याच्या आभाळातही तयार होतो. मे महिन्यातल्या वळवाचे ढग दहा किलोमीटरच्याही वर चढतात आणि पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असतं. तिथे हिमकण होतात, ते खाली येताना वितळतात. वळवाच्या टपोऱ्या थेंबांतले कितीतरी थेंब आधी बर्फ होते. गारपीट हा त्यातलाच न वितळता पोचलेला भाग.

डोंगरातल्या बागायतदाराला पहिला बर्फ हवाच असतो. डेलिशियस जातीच्या सफरचंदाच्या झाडाला फुलण्याआधी सात अंशांखालची थंडी हजाराहून अधिक तास लागते. बर्फ गोधडीसारखा जमिनीवर पसरतो, वर हवा उणे दहा असली तरी मुळांशी तापमान शून्याच्या जवळपास राहतं. वसंतात तो सावकाश वितळतो आणि पाणी वाहून न जाता मुरतं.

आणि पाऊस? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. मग हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं, की हिमालयात बर्फ जास्त साचला तर पुढचा मोसमी पाऊस रोडावतो. ऊन बर्फावरून परतून जातं, उरलेलं बर्फ वितळवण्यात खर्च होतं, जमीन उशिरा तापते. याच आधारावर १८८६ पासून पावसाचे अंदाज निघू लागले. पुढे खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्यात आलं, ती शिवाजीनगरची इमारत आपल्याला सिमला ऑफिस म्हणूनच माहीत आहे. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांच्या १९८८ च्या, पावसाचा अंदाज बांधणाऱ्या सोळा घटकांच्या प्रारूपातही हिमालयातला आणि युरेशियातला बर्फ होता. ब्लॅनफर्डला वाटलं तितकं हे नातं सरळ नाही, त्यात प्रशांत महासागराचा वाटा मोठा आहे. पण बर्फाचा हिशोब आजही सोडलेला नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत चालणाऱ्या संगणकीय प्रारूपांत समुद्राबरोबर जमिनीवरचा बर्फही मोजला जातो.

जायचं असेल तर डिसेंबरअखेर ते जानेवारीत, हवामान खात्याने तीव्र पश्चिमी झंझावाताचा इशारा दिला की तो पोचण्याच्या आदल्या दिवशी, अडीच हजार मीटरच्या वरच्या गावात मुक्कामाला असा. रस्ता बंद होईल, वीजही जाईल, म्हणून परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा आणि टॉर्च जवळ ठेवा. भिंग मात्र बाहेरच्या खिशात ठेवा. अंगाच्या उबेने तापलेलं भिंग जवळ नेलं, तर पाहण्याआधीच चांदणी वितळते.