चाळणी बारीक झाली, तशी गणती वाढली

बेळगावहून चोर्ला घाट उतरून गेले की गोव्यातले दोना पावला फार दूर राहत नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) तिथेच आहे, आणि खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई तिथूनच जवळ, मांडवी होऊन समुद्राला मिळते. त्यामुळे खोल समुद्राच्या तळावरच्या बारीक जीवांची गणती हा विषय सीमाभागात प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांना परका वाटू नये.

निसर्गअभ्यासक एडवर्ड फोर्ब्ज यांनी १८४०च्या दशकात एजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला आणि ३०० फॅदम, म्हणजे सुमारे ५५० मीटरच्या खाली जीव नसावेत असा अंदाज बांधला. ‘चॅलेंजर’ या जहाजाच्या समुद्रशोध मोहिमेने (१८७२–७६) तो पार खोटा ठरवला. पण तिच्या जाळ्यांतूनही बारीक जीव गाळाबरोबर निसटतच होते. मॉली मेअर यांनी १९४२ साली या मधल्या आकाराच्या तळजीवांचा वेगळा गट मांडला: मेयोबेंथॉस. खोल समुद्रात आज ढोबळमानाने १ मिलिमीटरच्या चाळणीतून गळणारे, पण ३२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर अडकणारे प्राणी त्यात धरतात. त्यांत सूत्रकृमींचाच (दोऱ्यासारख्या बारीक कृमींचा) भरणा असतो.

सँडर्स आणि हेसलर या संशोधकांनी १९६०च्या दशकात बारीक चाळण्या वापरल्या आणि खोल तळ ओसाड नाही, उलट जातींनी गजबजलेला आहे, हे दाखवले. ग्रासल आणि मासिओलेक यांना १९९२ मध्ये २३३ चौकोनी नमुन्यांत ७९८ जाती मिळाल्या. त्यावरून खोल समुद्रातल्या एकूण जातींच्या अंदाजात त्यांनी एक कोटीपर्यंत उडी मारली. एवढ्याशा तळावरून एवढा मोठा आकडा काढणे धाडसाचेच होते, आणि त्यावर लगेच वाद झाला.

खरा फरक पडला तो मल्टीकोररने, म्हणजे एकाच वेळी अनेक नळ्या तळात रुतवून गाळ वर आणणाऱ्या यंत्राने. जड अवजार वेगाने खाली आले की त्याच्यापुढे दाबले गेलेले पाणी वरचा हलका थर उडवते, आणि जीव नेमके त्याच थरात जास्त असतात. मल्टीकोररच्या नळ्या दट्ट्याच्या आधाराने सावकाश रुततात. नळीतले वरचे पाणी गढूळ दिसले तर तो नमुना टाकून द्यावा. एकाच फेरीतल्या नळ्या स्वतंत्र नमुने म्हणून मोजू नयेत; ही चूक सर्रास होते.

वरचे ५ सेंटीमीटर एकेक सेंटीमीटरने कापून फॉर्मेलिनमध्ये ठेवतात आणि रोझ बेंगाल या गुलाबी रंगद्रव्याने रंगवतात. नंतर १.१८ घनतेच्या लुडॉक्समध्ये (सिलिकाच्या दाट द्रावात) सेंट्रिफ्यूज करून जीव वर तरंगवतात. त्याआधी गाळातले मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढावे लागते, नाहीतर लुडॉक्सची जेली होते. जड कवचाचे फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव तळाशीच राहतात, तेव्हा उरलेला गाळही तपासावा. फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो, म्हणून जनुकीय तपासणीचा हिस्सा आधीच वेगळा गोठवतात.

भारतात या कामाला जोर आला तो समुद्रतळावर सापडणाऱ्या धातूंच्या गाठींमुळे. ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने १९८१ मध्ये त्या पहिल्यांदा वर आणल्या, मध्य हिंदी महासागरातले ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आज त्यांच्या शोधासाठीच्या भारताच्या करारात आहे. तिथला गाळ ढवळला तर या जीवांचे काय होते, हे पाहण्यासाठी १९९७ मध्ये मुद्दाम तळ ढवळण्याचा प्रयोग झाला.

सरावाला कारवारची ओली वाळू चालते. मूठभर वाळूवर गोडे पाणी ओतून ढवळावे; क्षारांतल्या अचानक फरकाने कणांना चिकटलेले प्राणी सुटतात. प्राणिशास्त्रज्ञ क्रिस्टेन्सन यांना लोरिसिफेरा हा सूक्ष्म प्राण्यांचा अख्खा नवा संघ (१९८३) असेच गोड्या पाण्याने धुताना गवसला. पाणी मात्र आधी बारीक जाळीतून गाळून घ्यावे, नाहीतर टाकीतले कोपेपॉड (गोड्या पाण्यातही आढळणारे सूक्ष्म कवचधारी प्राणी) समुद्राच्या खाती जमा होतात.