ॲपवर जहाज थांबलेलं दिसलं तर
(द्राक्ष निर्यातदारांसाठी माहितीपत्रक)

हंगामात आम्हाला हमखास येणारा फोन: "न्हावा-शेवाहून निघालेलं जहाज कालपासून एकाच जागी दिसतंय, रीफरमधल्या (थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधल्या) मालाचं काय?" बहुतेक वेळा जहाज व्यवस्थित चालू असतं, त्याची नवी खबर तेवढी आलेली नसते.

आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, 300 ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकारमानाचं माप) किंवा त्याहून मोठ्या जहाजांवर एआयएस हे यंत्र सक्तीचं आहे. चालत्या जहाजावरून ते दर 2 ते 10 सेकंदांनी जहाजाचा क्रमांक, जागा, वेग, दिशा व्हीएचएफ रेडिओवर सांगत राहतं. मुळात ही सोय टक्कर टाळण्यासाठी. माल कुठे आहे ते कळणं हा आपला वरचा फायदा. किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण 40 सागरी मैलांपर्यंतचं ऐकू येतं. पुढे पृथ्वीची गोलाई आड येते आणि उपग्रह लागतो.

हे उपग्रह अगदी लहान असतात. नॉर्वेचा एआयएससॅट-1 जेमतेम 6 किलोचा, 20 सेंटिमीटरचा ठोकळा. 12 जुलै 2010 रोजी आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटने तो श्रीहरिकोटाहून वर नेला. असा उपग्रह दीडेक तासात पृथ्वीभोवती फिरतो, पण एका जागेवर काही मिनिटंच असतो. म्हणून कंपन्या त्यांचा ताफाच सोडतात.

तरी भूमध्य समुद्रासारख्या गर्दीत घोळ होतो. बोलण्याच्या पाळ्या जहाजं आसपासच्या जहाजांपुरत्या ठरवतात. हजारो किलोमीटरचा पट्टा ऐकणाऱ्या उपग्रहाला मात्र अनेक जहाजं एकाच क्षणी ऐकू येतात, लिलावात सगळे व्यापारी एकदम बोली ओरडावेत तशी. काही संदेश हरवतातच.

तेव्हा आधी ठिपक्याखालची वेळ पाहा. ती दहा तासांपूर्वीची असेल, तर जहाज केव्हाच पुढे गेलेलं असेल. फुकट ॲपवर बऱ्याचदा फक्त किनाऱ्यावरची माहिती असते, उपग्रहाच्या माहितीचे पैसे पडतात. एआयएसमधली पोहोचण्याची तारीख खलाशी हाताने भरतात. खरेदीदाराला ती कळवू नका, शिपिंग लाइनची कळवा. लाल समुद्राच्या बाजूला काही जहाजं हल्ल्याच्या भीतीने यंत्र बंद ठेवतात, जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाली की ठिपका जमिनीवरही दिसतो.

आणि ठिपका जहाजाचा असतो, कंटेनरचा नव्हे. वाटेत कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढवला, तर तुम्ही भलत्याच जहाजामागे जाल. रीफरचं तापमानही इथे कळत नाही. बिल ऑफ लेडिंगचा (माल जहाजावर चढवल्याच्या कागदाचा) क्रमांक आम्हाला पाठवा, कंटेनर सध्या ज्या जहाजावर आहे त्याचा सात अंकी आयएमओ क्रमांक कळवू. जहाजाचं नाव बदलतं, हा क्रमांक बदलत नाही; ॲपवर तोच टाका.